शंभर एमबीपीएस कुणाला आणि कधी? ग्रामीण नेटवर्कच्या नियोजनाची चिकित्सा

विषय रुक्ष वाटेल, पण सेवा केंद्रासमोर ज्यानं कधी अर्धा दिवस काढलाय त्याला तो रुक्ष वाटणार नाही. एका आकड्यापासून सुरुवात करू. तो आकडा म्हणजे शंभर.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या योजनेला मंजुरी दिली. देशातल्या साधारण अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची आणि प्रत्येकीला १०० एमबीपीएस द्यायचे, असा बेत होता. २०१५ मध्ये योजनेचं नाव भारतनेट झालं. एक लाख ग्रामपंचायती जोडून पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झालं. मग ४ ऑगस्ट २०२३ ला सुधारित भारतनेट मंजूर झालं, खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. बारा वर्षांत नावं बदलली, टप्पे बदलले, तरी लोकांपुढे मांडला गेलेला आकडा मुख्यतः तोच राहिला. माझी टीका त्या आकड्यामागच्या विचारावर आहे. खड्डे खणणाऱ्या, केबल जोडणाऱ्या माणसांवर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ती माणसं उन्हातान्हात काम करतात आणि बोलणी मात्र त्यांनाच बसतात.

आता बघा, १०० एमबीपीएस म्हणजे कुठून कुठपर्यंत? मूळ योजनेचं काम तालुक्याचं ठिकाण ते ग्रामपंचायत एवढंच अंतर सांधण्याचं होतं. तालुक्यापर्यंत फायबर आधीच पोचलेली आहे, असं त्यात गृहीत धरलं होतं. तांत्रिक रचना जीपॉन म्हणून ओळखली जाते. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये एक मोठं यंत्र असतं, तिथून एक फायबर निघते, वाटेत स्प्लिटर तिचा प्रकाश वाटून देतो आणि ग्रामपंचायतीत एक लहान पेटी बसते. एका पोर्टवर खाली येणारी क्षमता साधारण २.५ गिगाबिट, वर जाणारी त्याच्या निम्मी. समजा एका पोर्टवर १६ गावं टाकली, तर प्रत्येकाला दीडशेच्या आसपास येतात. ३२ टाकली तर ७८. म्हणजे तालुका ते गाव एवढ्यापुरता शंभरचा आकडा काही अशक्य नाही. तो बऱ्यापैकी जुळतो.

पण सातबारा काही तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ठेवलेला नाही. पीक विम्याचं पोर्टलही तिथं नाही. तालुक्यापासून जिल्हा, जिल्ह्यापासून पुढं मोठी केंद्रं, तिथून ज्या सर्व्हरवर काम आहे तो सर्व्हर, हा सगळा रस्ता शंभरच्या आश्वासनाबाहेर राहिला. आपल्या हिंगोली जिल्ह्यात पाच तालुके: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत. हिशेबाच्या सोयीसाठी समजा एका तालुक्यात शंभर ग्रामपंचायती आहेत. सगळ्यांनी एकाच वेळी आपापले शंभर मागितले तर तालुक्यातून बाहेर दहा गिगाबिट लागतील. एवढं कुणी बांधत नाही आणि बांधायची गरजही नाही, कारण सगळे एकाच वेळी मागत नाहीत. मग किती बांधायचं? नेटवर्कच्या नियोजनातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर शोधायची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर क्रारूप एर्लांग नावाचा गणिती काम करायचा. १९०९ मध्ये त्याचा पहिला महत्त्वाचा निबंध आला, १९१७ मध्ये आज ‘एर्लांग बी’ म्हणून ओळखलं जाणारं सूत्र. प्रश्न साधा होता. शंभर घरांत फोन आहेत, तर बाहेर जाणाऱ्या तारा किती ठेवायच्या, म्हणजे फार थोड्या लोकांना ‘लाइन बिझी’ ऐकावं लागेल? एक तार पूर्ण तासभर व्यापलेली असली की तो भार एक एर्लांग. भार दोन एर्लांगचा असेल तर दोन तारा पुरतील असं वाटतं, पण पुरत नाहीत. लोक रांगेनं, ठरवून फोन करत नाहीत, कधी पाच जण एकदम करतात. पाच तारा ठेवल्या तरी शंभरातले जवळपास चार जण परत जातात. दोनपेक्षा कमी जण परत जावेत असं वाटत असेल तर सहा तारा हव्यात.

आता गंमत बघा. अशी दहा गावं स्वतंत्र ठेवली तर तारा लागतात साठ. त्या दहा गावांचा वीस एर्लांगचा भार एका ठिकाणी गोळा केला तर तेवढ्याच गुणवत्तेला अठ्ठावीस पुरतात. निम्म्याहून कमी. म्हणून वाटून घेणं, म्हणजे शेअरिंग, यात फसवणूक नाही. नेटवर्क परवडतं तेच त्यामुळे. आपल्याकडे ट्रायनं २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास आणि व्यावसायिकसाठी एकास तीस असं वाटपाचं प्रमाण सुचवलं होतं, त्यामागे हाच विचार आहे. पण एर्लांगच्या हिशेबाला एक अट आहे. भार मोजायचा तो सगळ्यात गर्दीच्या तासाचा. दिवसाची सरासरी काढून त्यात घातली की सूत्र बरोबर राहतं आणि उत्तर चुकतं.

मग आपल्या गर्दीचा तास कोणता? शहरात सांगणं सोपं आहे, रात्री नऊ ते अकरा, लोक जेवून व्हिडिओ बघतात. हिंगोली जिल्ह्यातल्या गावातही तो तास आहेच. पण ज्या तासाला नेटवर्क चाललं नाही तर माणसाचं नुकसान होतं, तो तास वेगळा आहे. तो घड्याळात सापडत नाही, शासन निर्णयात सापडतो. तो म्हणजे शेवटची तारीख.

खरीप २०२३ मध्ये राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. शेवटची तारीख ३१ जुलै. दीड कोटीहून जास्त अर्ज आले. पोर्टल चालत नाही, सर्व्हर डाऊन आहे अशा तक्रारी राज्यभरातून आल्या आणि मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवली. पुढच्या वर्षी, २०२४ च्या जुलैत, लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. आधी १५ जुलै ही शेवटची तारीख होती, मग ३१ ऑगस्ट झाली, पुढे आणखी वाढली. मुदतवाढ दिली की आपण सरकारचे आभार मानतो. माझं म्हणणं असं की मुदतवाढ हा क्षमता नियोजन चुकल्याचा लेखी पुरावा असतो, त्याच नजरेनं तो वाचला पाहिजे.

हे आकड्यांत बघू. समजा एका गावात सहाशे शेतकरी आहेत, महिना आहे तीस दिवसांचा, सेवा केंद्रात एक संगणक आणि एक चालक, दिवसाचे दहा तास काम. एक अर्ज भरायला पंधरा मिनिटं. सरासरीनं दिवसाला वीस अर्ज, म्हणजे तासाला दोन, म्हणजे अर्धा एर्लांग. कागदावर एकदम छान! एक संगणक अर्धा वेळ रिकामा. पण आपल्याकडे पेरणी, दुबार पेरणी, पैशाची जुळवाजुळव यात जुलै जातो. सहाशेतले तीनशे शेवटच्या तीन दिवसांत आले, तर दिवसाला शंभर, तासाला दहा, भार अडीच एर्लांग. एका संगणकावर अडीच संगणकांचं काम. आणि इथंच खरी मेख आहे: सगळ्या राज्यात हेच चालू असल्यामुळे पोर्टल मंदावतं, पंधरा मिनिटांचा अर्ज अर्ध्या तासाचा होतो. मग भार पाच एर्लांग. लोक वाढले नाहीत, अर्ज वाढले नाहीत, फक्त मंदपणामुळे भार दुप्पट झाला.

वरून माणूस स्वस्थ बसत नाही. पान उघडलं नाही की पुन्हा दाबतो. ओटीपी आला नाही की पुन्हा मागतो. चालकानं दोन-दोन खिडक्या उघडून ठेवलेल्या असतात. प्रत्येक वेळी सर्व्हरकडे नवी मागणी जाते आणि जुनी तिथं अजून पडलेलीच असते. या रोगाचं निदान इंटरनेटच्या बालपणीच झालं होतं. १९८६ च्या ऑक्टोबरात बर्कले विद्यापीठ आणि शेजारची लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा यांच्यामध्ये, जेमतेम चारशे यार्डांवर, ३२ हजार बिट प्रतिसेकंदाची जोडणी घसरून ४० बिटांवर आली. तार शाबूत होती. दोन्हीकडचे संगणक हरवलेली पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि रस्ता त्या पुनरावृत्तीनंच भरला होता. व्हॅन जेकबसननं १९८८ मध्ये त्यावर उपाय मांडला: पाकीट हरवलं की पाठवणाऱ्यानं वेग कमी करावा, थांबावं, मग हळूहळू वाढवावा. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्येही त्या विचाराचे वंशज चालू आहेत. म्हणजे संगणकांना आपण गर्दीत थांबायला शिकवलं. पण पोर्टल बनवताना माणसाला ‘तुमचा नंबर लागलाय, वीस मिनिटांनी या’ असं सांगायची सोय आपण क्वचितच करतो. रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवर रांग दिसते तरी. इथं रांग दिसतच नाही, नुसतं गोल फिरणारं चक्र दिसतं.

रांगेचं आणखी थोडं बोलू, कारण नियमांची चिकित्सा करायची तर ते लागेल. हिंगोली आणि वसमतच्या लोकांना हळदीचा हंगाम सांगायला नको. मोंढ्याबाहेर गाड्या लागतात. समजा वजनकाटा एकच आहे आणि एका गाडीला पाच मिनिटं लागतात. काटा निम्मा वेळ गुंतलेला असेल तर आल्यापासून वजन होईपर्यंत सरासरी दहा मिनिटं. ऐंशी टक्के गुंतलेला असेल तर पंचवीस मिनिटं. नव्वद टक्क्यांना पन्नास मिनिटं. पंच्याण्णवला शंभर. गाड्या वाढल्या थोड्याच, पण खोळंबा कितीतरी पटीनं वाढला. हा हिशेब गाड्या अनियमित येतात असं धरून केलेला आहे, आणि हळदीच्या गाड्या तशाच येतात. नेटवर्कच्या तारेचंही असंच आहे. म्हणून ट्रायनं ऑक्टोबर २००६ च्या ब्रॉडबँड गुणवत्तेच्या नियमांत असं घातलं की गर्दीच्या वेळी दुव्याचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा, पाकिटांचं नुकसान एक टक्क्याच्या आत असावं आणि ग्राहकाला कबूल केलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळावा. हे नियम विचारपूर्वक केलेले होते, हे मान्य करायला हवं. ज्यांनी तो ऐंशीचा आकडा लिहिला त्यांना रांग कळत होती.

घोळ झाला तो मोजण्याच्या एककात. सेवेचा हिशेब तिमाहीचा, आणि दूरसंचाराच्या परिमंडळाचा. महाराष्ट्राचं परिमंडळ म्हणजे मुंबई वगळून सगळा महाराष्ट्र आणि गोवा. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ लाख ७७ हजार होती, म्हणजे राज्याच्या साधारण एक टक्का. आता समजा बाकी सगळीकडे सेवा ९९.५ टक्के वेळ चालू आहे, आणि हिंगोली तिमाहीभर पूर्ण बंद आहे. अगदी पूर्ण बंद. सरासरी येते ९८.५ टक्के. नियमात ९८ हवेत. म्हणजे आख्खा जिल्हा अंधारात ठेवून परीक्षा पास होता येते! असं कुणी केलं असं मी म्हणत नाही. मोजपट्टी अशी होती की असं झालं असतं तरी ते तिला दिसलं नसतं, एवढंच म्हणतो. आणि ९८ टक्के ऐकायला बरं वाटतं, पण तीस दिवसांच्या महिन्यात ते साडेचौदा तास बंद राहायला परवानगी देतं. ते साडेचौदा तास ३१ जुलैला आले तर?

ट्रायनं २ ऑगस्ट २०२४ ला नवे नियम काढले, ते १ ऑक्टोबरपासून लागू झाले. त्यांत जिल्हा हे एकक आलं, ही मोठी सुधारणा. जिल्हा पातळीवर चार तासांपेक्षा जास्त सेवा बंद पडली तर कंपनीनं ट्रायला कळवायचं, चोवीस तासांच्या वर गेली तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यायची. चांगलं आहे. तरीही सेनगाव तालुक्यातल्या एका गावाची फायबर पाच दिवस तुटून राहिली तर ती जिल्हाव्यापी घटना होत नाही.

आणि हे सगळे नियम इंटरनेट पुरवणाऱ्यावर आहेत. पोर्टलवर कोणते? पान किती सेकंदांत उघडावं, गर्दीच्या दिवशी किती अर्ज तासाला स्वीकारता आले पाहिजेत, हे नागरिकाला कुठं वाचायला मिळतं? आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे. अमुक दाखला अमुक दिवसांत मिळालाच पाहिजे, असा हक्क तो देतो. उत्तम कायदा आहे. पण त्याचं घड्याळ अर्ज पोचल्यावर सुरू होतं. अर्ज दाखलच झाला नाही, ‘सबमिट’ दाबल्यावर चक्र फिरत राहिलं, तर घड्याळाच्या दृष्टीनं तुम्ही आलाच नाहीत. त्या दिवशी मजुरी बुडाली, गाडीभाडं गेलं, त्याची नोंद कुठेच नाही. कंपनी म्हणते आमची तार चालू होती. पोर्टलवाले म्हणतात आमचा सर्व्हर चालू होता. दोघंही खरं बोलत असू शकतात.

आता तार तुटण्याकडे येतो. पहिल्या टप्प्यातली रचना बहुतेक एका रेषेत होती. एका गावाकडून पुढच्या गावाकडं, जिथं जुनी केबल होती तिथं तीच वापरायची आणि राहिलेला तुकडा नवा टाकायचा. खर्च वाचवायला ते समजण्यासारखं होतं. पण हिशेब बघा. एकेक तुकडा ९९ टक्के वेळ चालू असेल आणि तुमचं गाव चार तुकडे ओलांडून असेल तर चारही एकदम चालू असण्याची वेळ ९६ टक्के. महिन्यात अठ्ठावीस तास बंद. जो तालुक्यापासून जितका लांब, त्याला तितकं जास्त. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सुधारित भारतनेटमध्ये रिंग आहे, म्हणजे गावाकडे दोन बाजूंनी रस्ता. दोन्ही रस्ते ९६ टक्क्यांचे असले आणि एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र असले, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची वेळ महिन्याला सव्वा तासाच्या आत येते. अठ्ठावीस तासांवरून सव्वा तास! म्हणून रिंगच्या निर्णयाचं मी मनापासून स्वागत करतो.

फक्त ‘खरोखर स्वतंत्र’ हे दोन शब्द विसरू नका. दोन्ही केबल एकाच रस्त्याच्या कडेनं, एकाच चरातून नेल्या तर जेसीबीचा एक दात दोन्ही तोडतो. नकाशावर रिंग दिसते, जमिनीत मात्र एकच रेषा असते. दोन्ही केबल एका पुलावरून गेल्या, एका एक्स्चेंजच्या विजेवर अवलंबून राहिल्या, तरी तेच. कुठल्याही रिंगच्या कागदावर मी पहिला प्रश्न हाच विचारतो की दोन बाजू कुठं कुठं एकत्र येतात. आणि ग्रामपंचायतीतल्या पेटीची वीज? कार्यालयाला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडे तो लग्नाला गेलेला, हा बिघाड कुठल्या तक्त्यात लिहायचा?

मघाशी कालवा म्हणालो, तर त्यातलाच आणखी एक शब्द घेतो, शेजपाळी. सिद्धेश्वरच्या कालव्यावरच्या लोकांना तो माहीत आहे. पाणी कमी असलं तरी कुणी कधी किती घ्यायचं याचा क्रम ठरलेला असतो, टेलकडून सुरुवात करायची म्हणजे डोक्यावरचा सगळं ओढून घेत नाही. नेटवर्कमध्ये गुणवत्ता व्यवस्थापन म्हणतात त्याचा मोठा भाग म्हणजे शेजपाळीच आहे. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनला अंगठ्याची खात्री करायला अगदी थोडा डेटा लागतो, पण तो लगेच जायला हवा. शेजारी कुणी सिनेमा उतरवत असेल आणि राउटरनं सगळी पाकिटं एकाच लांब रांगेत उभी केली, तर अंगठा सिनेमाच्या मागे उभा राहतो. वर जाणारा वेग एक एमबीपीएस आणि राउटरची साठवण २५६ किलोबाइट असेल तर ती भरल्यावर मागच्याला दोन सेकंद थांबावं लागतं. वेग मोजला तर पूर्ण दिसतो, आणि काम होत नाही. यावरचा एक उपाय कॅथलीन निकोल्स आणि त्याच व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडला. त्यावर बेतलेली, प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देऊन पाळीपाळीनं सोडणारी पद्धत २०१८ पासून लेखी दस्तऐवज म्हणून उपलब्ध आहे आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळते. यात कुणाच्या मजकुरात डोकावावं लागत नाही, म्हणून नेट न्यूट्रॅलिटीलाही धक्का लागत नाही. गावात किती एमबीपीएस पोचले यावर आपण भरपूर बोलतो, पण गावातल्या राउटरमध्ये कोणती शेजपाळी आहे हे विचारलेलं मी फारसं ऐकलेलं नाही.

वेग आणि गुणवत्ता यांतला फरक दाखवणारं एक मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात उभं राहतंय. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया होणार आहे. ६ एप्रिल २०२३ ला मंत्रिमंडळानं २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या. लोकांना वाटतं, केवढं इंटरनेट लागेल! अमेरिकेतल्या लायगोत मुख्य संकेत सेकंदाला १६,३८४ वेळा मोजला जातो. प्रत्येक मोजणीला आठ बाइट धरले तर सगळे मिळून साधारण एक एमबीपीएस. म्हणजे गावाला कबूल केलेल्या शंभरातला एक. हजारो सहायक मोजमापांचा डेटा त्याहून पुष्कळ मोठा असतो, ती गोष्ट वेगळी. पण लहर आली की ती आकाशात कुठून आली हे ठरवायला अमेरिका, इटली, जपान इथल्या यंत्रांच्या नोंदींशी लगेच जुळवावी लागते, म्हणजे दुर्बिणी तिकडं वळवता येतात. त्या एका एमबीपीएसला खंड पडून चालत नाही आणि उशीरही चालत नाही. अशा प्रयोगशाळेच्या जोडणीचं नियोजन करताना कुणी ‘शंभर दिले, झालं’ म्हणणार नाही. आधी विचारतील की काम काय आहे, उशीर किती चालेल, तुटली तर दुसरी वाट कोणती. दुधाळ्याच्या वेधशाळेसाठी जे प्रश्न आपोआप विचारले जातात, तेच शेजारच्या गावच्या सेवा केंद्रासाठी विचारायला पैसे लागत नाहीत.

आता दोन-तीन प्रश्न आलेत, ते घेतो.

प्रश्न: फाइव्ह-जी आल्यावर फायबरची गरजच राहणार नाही, मग या सगळ्याचा उपयोग काय?

टॉवरपासून तुमच्या फोनपर्यंत हवा आहे, टॉवरच्या मागे काय आहे? तिथं फायबर तरी लागते नाहीतर मायक्रोवेव्हचा दुवा, आणि त्याला हीच सगळी गणितं लागू होतात. शिवाय टॉवरची क्षमता त्याच्या टापूतले सगळे वाटून घेतात. यात्रेला औंढ्यात फोन लागेनासा होतो तेव्हा तुम्ही एर्लांगचं सूत्रच अनुभवत असता.

प्रश्न: मुदत जवळ आली की जास्तीचे सर्व्हर भाड्यानं घेता येत नाहीत का?

येतात, आणि घेतलेच पाहिजेत. क्लाउडमध्ये ते काही मिनिटांत होतं. पण एका अर्जाचा रस्ता बऱ्याच सर्व्हरांतून जातो: आधार पडताळणी, भूमी अभिलेख, बँक, एसएमएस. यातला जो सगळ्यात अरुंद असेल तो सगळ्यांचा वेग ठरवतो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्या खात्याचा असतो. म्हणून मला सर्व्हर वाढवण्याइतकाच दुसरा उपाय महत्त्वाचा वाटतो, तो फुकटचा आहे. शेवटची तारीख सगळ्या राज्याला एकच का? विभागवार चार-चार दिवसांनी पुढं-मागं ठेवली तर तोच भार त्याच यंत्रणेवर पसरून येईल. पीक विम्याला पेरणीच्या कालमर्यादा असतात, तिथं ते अवघड आहे हे मान्य. इतर योजनांना तशी अडचण नसते.

प्रश्न: आम्ही सेवा केंद्र चालवतो. स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवला तर कुणी ऐकेल का?

स्पीड टेस्ट जवळच्या सर्व्हरपर्यंतचा काही सेकंदांचा वेग सांगते. तुमचं काम तिथं नसतं. त्याऐवजी एक साधी वही घाला. तारीख, वेळ, कोणतं पोर्टल, कितव्या प्रयत्नाला अर्ज गेला, किती मिनिटं लागली, आणि गेलाच नाही तर कुठं अडकला: पान उघडलं नाही, ओटीपी आला नाही, की कागद अपलोड झाला नाही. ओटीपी अडकला असेल तर तुमच्या फायबरचा दोष नाही. कागद अपलोड होत नसेल तर वर जाणारा वेग आणि राउटर तपासा. पान उघडत नसेल तर त्याच मिनिटाला मोबाइलच्या डेटावर उघडून बघा आणि तेही लिहा. तालुक्यातल्या दहा केंद्रांनी महिनाभर अशी वही ठेवली आणि एकत्र केली, तर हिंगोलीचा गर्दीचा तास पहिल्यांदा कुणीतरी मोजलेला असेल. नोंद कामाच्या वेळातली हवी, म्हणजे दुपारी बारा-एकची. रात्री दहाची नको. आणि ज्या दिवशी लाइट नव्हती तो दिवस रिकामा सोडू नका, तिथं ‘लाइट नव्हती’ असंच लिहा.